पंचक, मिरग आणि गावचा फळा

मागच्या उन्हाळ्यात विदर्भातल्या आमच्या गावात एक म्हातारी गेली. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, सुटली बिचारी असंच सगळे म्हणाले. तिरडी बांधता बांधता कुणीतरी मोबाइल काढून पाहिला आणि म्हणालं, आज शततारका नक्षत्र आहे, पंचक लागलंय. अंगणातल्या बायांचं रडणं एकदम थांबलं. तिचा मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला, तीन एकर कोरडवाहू वावर, दोन पोरी लग्नाच्या. म्हणाला, "गुरुजी, माय पंचकात गेली. आता अजून पाच जीव जातीन म्हन्ते. शांती तं करा लागीन. पैसे कुठून आनू?"

कणकेचे पाच पुतळे करून मढ्यासोबत जाळले. तेराव्यानंतर शांती झाली. त्यासाठी जो पैसा गेला तो सरकी आणि खतासाठी बाजूला ठेवलेला होता. पेरणीच्या तोंडावर त्यानं पुन्हा उसनवारी केली.

त्या दिवशी मी त्याला काही समजावलं नाही. दारात मढं असताना हिशेब सांगणं मला जमलं नाही, जमायलाही नको. पण तो हिशेब तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून इथं मांडतो.

पंचक म्हणजे काय? चंद्र धनिष्ठा नक्षत्राच्या उत्तरार्धापासून रेवतीच्या शेवटापर्यंत असतो तो काळ. म्हणजे कुंभ आणि मीन या दोन राशी. एकूण राशी १२, त्यातल्या २. चंद्र आकाशाचा पूर्ण फेरा सुमारे २७ दिवस ८ तासांत घालतो, त्यातले साडेचार दिवस तो या दोन राशींत काढतो. एकषष्ठांश काळ. याचा अर्थ, जगात जितकी माणसं मरतात त्यातली साधारण सहावी व्यक्ती पंचकात मरणारच. त्यात कुणाच्या घराण्याचं पाप नाही आणि ग्रहाचा कोपही नाही. आमच्या गावची वस्ती दोन हजाराच्या आत. वर्षाला दहा-बारा मयती होतात. त्यातल्या दोन पंचकात येतात. आणि महिन्याला सरासरी एक मयत होणाऱ्या गावात, पंचकातल्या कुठल्याही मयतीनंतर पाच-सहा महिन्यांत आणखी पाच माणसं जाणारच, शांती केली तरी आणि नाही केली तरी. लोक बोटं मोजतात, पाच भरले की म्हणतात, पाहा, पंचकानं नेले. भीतीला दरवेळी पुरावा मिळत जातो, कारण तो पुरावा गावच्या लोकसंख्येतच दडलेला आहे.

हे गणित मला कुणी विज्ञानवाद्यानं शिकवलं नाही. पंचांगानंच शिकवलं. धनिष्ठा कुठे संपते, रेवती कुठे संपते, हे त्यातच छापलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पंचांगाच्या एकाच पुस्तकात दोन गोष्टी बांधल्या गेल्या आहेत. एक आहे आकाश मोजण्याची विद्या, आणि दुसरी त्या मोजमापाला चिकटवलेली फळं. गावानं पहिली गमावली आणि दुसरी उराशी धरून ठेवली. ही अदलाबदल उलटी करायला हवी. मोजणं परत आलं तर भीती आपोआप उतरते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या आबाजींना अक्षर येत नव्हतं. सालदार म्हणून आयुष्य गेलं. ज्वारीच्या दिवसांत ते वावरात जागलीला जात आणि मला सोबत नेत. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. पण चंद्राकडे पाहून ते तिथी सांगत आणि तिथीवरून चंद्र कधी उगवेल ते सांगत. "पुनवेनंतर चांद रोज दोन घटका मागं सरकते," एवढंच त्यांचं सूत्र. एक घटका २४ मिनिटांची, दोन म्हणजे ४८ मिनिटं. वद्य चतुर्थीला सूर्य बुडाल्यावर आठ घटकांनी, म्हणजे तीन-सव्वातीन तासांनी चंद्र निघतो. संकष्टीला रात्री नऊच्या आसपास बाया ताट घेऊन अंगणात का येतात, ते या दोन घटकांत आलं. ऋतूप्रमाणे वेळ मागेपुढे होते, पण जागलीच्या कामाला तेवढा हिशेब पुरे. रानडुकरं अंधारात शिरतात, म्हणून अंधार किती वेळ राहणार हे ठाऊक असणं त्यांच्या पोटापाण्याची बाब होती.

शाळेत मी मुलांना हे हातानं मोजायला लावत असे. हात पुढे ताणून मूठ वळली की ती आकाशातले सुमारे १० अंश झाकते, एक बोट दोनेक अंश. सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी पूर्ण होते. मूठ आणि बोट, झाली एक तिथी. शुक्ल पक्षात सूर्य बुडताना त्या जागेपासून चंद्रापर्यंत मुठी मोजत जायचं. पंचमीला पाच-साडेपाच मुठी भरतात, अष्टमीला चंद्र माथ्याजवळ येतो. पाचवीतली मुलं दोन आठवड्यांत कॅलेंडर न पाहता तिथी सांगू लागायची, एखाद्या दिवसाची चूक होई तेवढीच. त्यातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "गुरुजी, मंग तिथी उपाशी कशी राह्यते?" क्षय तिथीबद्दल विचारत होती ती. इतका चांगला प्रश्न मला नोकरीत क्वचितच कुणी विचारला.

उत्तर असं की चंद्राची वाट पुरती गोल नाही. पृथ्वीजवळ असताना तो भरभर चालतो, लांब असताना हळू. म्हणून कधी तिथी २० तासांत संपते तर कधी २६ तासांच्याही वर जाते. आपला दिवस मात्र सूर्योदय ते सूर्योदय. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं नाव दिवसाला मिळतं. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिला दिवसच मिळत नाही, तो क्षय. एखादी लांबली आणि दोन सूर्योदय तिच्या पदरात पडले तर वृद्धी. तिथी उपाशी राहत नाही, तिला फक्त सूर्य भेटत नाही.

आता पोळा घ्या. आमच्याकडे पोळ्याइतका मोठा सण नाही. २०२३ साली पोळा १४ सप्टेंबरला आला, २०२४ ला २ सप्टेंबरला, २०२५ ला २२ ऑगस्टला. दरसाल अकरा-बारा दिवस अलीकडे. कारण चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. हे असंच सुटू दिलं असतं तर काही वर्षांत पोळा ऐन वैशाखवणव्यात आला असता, बैलाच्या खांदमळणीला चिखल दिसला नसता. म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालतात. तोही मनाला येईल तेव्हा नाही. ज्या चांद्र महिन्यात सूर्य एकही रास बदलत नाही, ज्यात संक्रांत येत नाही, तो अधिक. २०२६ साली १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ येतो, आणि पोळा उडी मारून पुन्हा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. शेतकऱ्याचा सण ऋतूशी बांधून ठेवणारी ही रचना इतकी सुरेख आहे की ती समजल्यावर मला वाटलं, हे ज्यांनी बसवलं त्यांनी आधी वावर पाहिलं असणार.

आणि या सुंदर हिशेबाला गावात काय म्हणतात? धोंड्याचा महिना, शुभ कामाला बंद. २०२६ चा अधिक महिना ऐन लग्नसराईत येतो. वाजंत्री, मांडववाले, आचारी, पत्रावळी करणाऱ्या बाया यांची वर्षाची कमाई एप्रिल-मे याच दोन महिन्यांत होते. महिनाभर त्यांची भांडी पालथी. जो महिना गणिताच्या दुरुस्तीसाठी घातला, तो अशुभ कसा ठरतो? शिलाईत सैल सोडलेल्या कापडाला कुणी अपशकुनी म्हणत नाही.

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या लोकांना हे आणखी एका बाजूनं कळतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे सोयरीक झाली की पहिल्याच वर्षी गोंधळ होतो. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आपली श्रावणातली पोळ्याची अमावस्या त्यांच्या हिशेबानं भाद्रपदातली. दिवस तोच, बैल तेच, महिन्याचं नाव वेगळं. आपल्याकडे श्रावणातला म्हणून पाळलेला वद्य पक्ष सीमेपलीकडे भाद्रपदातला असतो. मग पवित्र नक्की काय, आकाशातली स्थिती की तिला दिलेलं नाव?

सूर्योदयावर सगळं अवलंबून आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, कुणाचा सूर्योदय? यवतमाळला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २० मिनिटं आधी उगवतो. एका रेखांशाला ४ मिनिटं, असा साधा हिशेब. विदर्भातल्या विदर्भातच बुलडाणा आणि गोंदिया यांच्यात पाव तासाचा फरक पडतो. २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावरून घराघरात वाद झाले. अमावस्या दोन्ही संध्याकाळी होती, पहिल्या दिवशी दुपारी लागली आणि दुसऱ्या दिवशी सव्वासहाच्या सुमारास संपली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. मुंबईत त्या दिवशी सूर्य बुडाला सहा वाजून गेल्यावर, म्हणजे सूर्यास्तानंतरची अमावस्या जेमतेम दहा मिनिटांची. आमच्याकडे पावणेसहाच्या आत सूर्य गेला होता, आमच्या हाती अर्ध्या तासाहून जास्त अमावस्या होती. हे कुणी पाहिलं? सगळं गाव मोबाइलवर फिरणारी दिल्लीची आणि दक्षिणेची चित्रं एकमेकांना पाठवत बसलं होतं.

राहुकाळाचंही तेच. माझ्या आजीला अमावस्या माहीत होती, पंचक माहीत होतं, राहुकाळ हा शब्द तिनं ऐकला नव्हता. ही दक्षिणेतली रीत, आमच्याकडे ती छापील कॅलेंडरांनी आणि मोबाइलनं आणली. दिवसमानाचे आठ भाग करून त्यातला एक राहूचा. दिवसमान रोज बदलतं, गावागणिक बदलतं, पण लोक सोमवारी साडेसात ते नऊ हे सरसकट पाळतात. अकोल्याला दवाखान्यात न्यायचा पेशंट राहुकाळ टळेपर्यंत घरात बसवून ठेवलेला मी पाहिला आहे. तो वाचला, पण त्या दीड तासात त्याच्या बायकोचा चेहरा मी पाहिला होता.

आता मिरगाकडे येतो, कारण विदर्भात पंचांगाचा सगळ्यात महाग पडणारा उपयोग हाच आहे.

सूर्य ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्रात जातो. पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं. २७ नक्षत्रांचा फेरा वर्षभरात, म्हणून एकेक साडेतेरा दिवसांच्या आसपास. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, दोन्ही फाल्गुनी, हस्त, चित्रा, स्वाती. हे पावसाळ्याचे कप्पे फार उपयोगी आहेत. "पडल्या तर मघा, नाहीतर ढगाकडे बघा" म्हणणारा माणूस ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या खंडाबद्दल बोलत असतो, आणि तो खंड खरा असतो. नक्षत्रावर बांधलेलं हे बोलणं पिढ्यांच्या निरीक्षणाचं आहे, त्याचा मला अभिमान वाटतो.

वाहनाची गोष्ट वेगळी. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला पंचांगात एक प्राणी वाहन म्हणून दिलेला असतो, आणि त्यावरून पाऊस कसा पडेल ते सांगतात. मिरगाचं वाहन म्हैस की कोल्हा, हत्ती की गाढव, हे कसं ठरतं ते शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नाही. सूर्य ज्या नक्षत्रात शिरला तिथपासून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकी उरेल तो प्राणी. बस. यात ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही. एका भागाकाराच्या बाकीवर आम्ही सोयाबीनच्या बॅगा फोडतो.

आमच्या घरी हे झालेलं आहे. बाबांच्या हयातीतली गोष्ट. वाहन चांगलं होतं, ७ जूनच्या दुपारी एक दणका आला, माती वरून ओली झाली, बाबांनी तिफन जुंपली. पुढे सोळा दिवस थेंब नाही. अंकुर वर आला, कोमेजला, धुऱ्यावरून पाहिलं तर सगळं वावर पिवळं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. दुबार पेरणीसाठी आईच्या पाटल्या गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग सांगत आले आहेत की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. त्या दणक्यानं किती मिलिमीटर पाणी दिलं होतं हे आम्हाला कळण्याचा मार्गच नव्हता. वाहन मात्र घरातल्या लेकरालाही ठाऊक होतं.

मिरग आणि पाऊस यांची गाठ विधात्यानं मारली आहे असं मानणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी, आणि ती पंचांगाच्याच शास्त्रातली आहे. पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं भरतं, आणि साधारण ७१ वर्षांत नक्षत्रांच्या तारखा ऋतूच्या तुलनेत एक दिवस पुढे सरकतात. यालाच अयनचलन म्हणतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी. आज संक्रांत १४ किंवा १५ ला येते. सतराशे वर्षांपूर्वी सूर्य मृगात मेच्या मध्यावर जात असे, आजच्या तारखांच्या हिशेबानं. त्या काळच्या शेतकऱ्यानं मिरग धरून पेरलं असतं तर सगळं वाळून गेलं असतं. आणखी हजार वर्षांनी मिरग २१-२२ जूनच्या सुमारास येईल. पावसाचा नक्षत्राशी काही करार झालेला नाही. मोसमी वाऱ्यांना समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक कळतो, मृगाचे तारे कळत नाहीत.

याचा अर्थ मिरगाच्या आशेनं आभाळाकडे पाहणाऱ्या माणसाला हसावं असा नाही. जळगाव जामोदजवळच्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, घागरीभोवती धान्य मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात, ते ऐकायला किती लांबून शेतकरी येतात. ते का येतात हे मला कळतं. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला जूनमध्ये एक निर्णय घ्यायचाच असतो, आणि तो निर्णय एकट्यानं घेण्याचं ओझं सहन होत नाही. हवामान खात्याचा जो अंदाज त्याच्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा जिल्ह्याचा असतो. इथं नाल्याच्या अलीकडे पडतो तो पलीकडे पडत नाही. आम्ही त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नाही, म्हणून तो घागरीकडे पाहतो.

लग्नाच्या मुहूर्ताबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर सगळेच बोलतात. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून काही मिनिटांचा. नवरदेवाची मिरवणूक डीजेपुढे नाचत मांडवात येते दोन वाजता, मंगलाष्टकं होतात अडीचला, पंगती चारपर्यंत. मिनिटापर्यंत काढलेला मुहूर्त कुणीच पाळत नाही, पण त्या मुहूर्तापायी म्हातारे आणि तान्ही लेकरं पत्र्याच्या मांडवात भाजून निघतात. आपल्याच शास्त्रात गोरज मुहूर्त आहे. गुरं रानातून परततात, धूळ उडते, ऊन उतरतं, ती वेळ. या मातीला आणि या उन्हाला जमणारी दुसरी वेळ नाही. पंचांगांत आता चातुर्मासातले गौणकाळाचे मुहूर्तही छापलेले असतात, काढीव मुहूर्त तर जुनेच. माणसाची अडचण पाहून नियम वाकतो हे शास्त्रानंच मान्य केलं आहे. मग मेच्या दुपारची अडचण कमी आहे का? आमच्याकडची बौद्ध कुटुंबं बहुधा मुहूर्त न पाहताच सवडीचा रविवार धरून लग्नं करत आली आहेत, त्यांचे संसार आमच्यापेक्षा वाईट चाललेले मी पाहिले नाहीत.

हे सगळं म्हटलं की दोन बाजूंनी आवाज येतो. एक म्हणतो, परंपरेला हात लावू नका. त्याला मी सांगतो की पंचांगाची परंपरा हात लावण्याचीच आहे. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः आकाशातले ग्रह पाहून जुन्या ग्रंथांचं गणित कुठे चुकतं ते लिहून ठेवत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास नवं करणग्रंथाचं, म्हणजे पंचांग काढायच्या आकडेमोडीच्या पुस्तकाचं, गणित रचलं, ते इतकं सोपं केलं की पुढची तीन-चारशे वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. तेही आकाशाशी जुळेना तेव्हा गणिती केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून आकाशाच्या वेधांशी जुळणाऱ्या गणिताचं पंचांग काढलं, लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाची बाजू उचलून धरली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारण्यासाठी समिती बसली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती लोकांच्या घरात शिरली नाही ही गोष्ट वेगळी, सणवार नसलेली दिनदर्शिका घरात शिरत नाही. पण या सगळ्यांनी केलं काय? आकाश पाहिलं, आकडा तपासला, चुकला तो बदलला. आज पंचांग उघडून एकदाही आकाशाकडे न पाहणारा माणूस या परंपरेचा वारस कसा?

दुसरा आवाज म्हणतो, मग फेकून द्या ते पंचांग, कॅलेंडर आहे ना. या माणसांशी माझं जास्त जवळचं नातं आहे, म्हणून त्यांच्याशी जास्त भांडतो. इंग्रजी तारीख चंद्राबद्दल काहीच सांगत नाही. १२ तारखेला रात्री अंधार असेल की चांदणं, कळत नाही. तिथी सांगितली की कळतं. माझ्या आबाजींच्या हातात अक्षर नसताना आकाश होतं, ते त्यांच्या नातवंडांकडून काढून घेऊन आपण त्यांना पुढे नेलं असं मला वाटत नाही. आणि फेकलेली वस्तू कुणीतरी उचलतोच. आपण पंचांगाचं गणित सोडलं, त्याची भीती विकणाऱ्यांनी ते उचललं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि बिनखर्चाच्या जवळची आहे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर एक फळा असावा. त्यावर रोज सकाळी सहावी-सातवीच्या मुलांनी चार गोष्टी लिहाव्यात. आजची तिथी आणि ती किती वाजेपर्यंत आहे. चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे. आपल्या तालुक्याचा सूर्योदय आणि सूर्यास्त, मुंबईचा नव्हे. आणि जूनपासून, कालपर्यंत गावात पडलेला एकूण पाऊस, मिलिमीटरमध्ये. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा आमच्या गावापासून कितीतरी किलोमीटर दूरचा असतो, म्हणून पर्जन्यमापक गावाचाच हवा. एक नळकांडं आणि एक मापपट्टी, एवढंच त्याला लागतं. मुलांना ते वाचायला एक तास पुरतो.

त्या फळ्यावर शुभ-अशुभ लिहायचं नाही. ज्याला घरी पाहायचं त्यानं पाहावं, त्याच्या देव्हाऱ्यात आपण शिरणार नाही. पण चंद्र धनिष्ठा ते रेवती या नक्षत्रांत आहे हे सातवीच्या पोरीनं स्वतःच्या हातानं दर महिन्याला चार-पाच दिवस लिहिलेलं असलं, तर पुढे तिच्या घरी कुणी पंचकात गेलं तेव्हा तिला ते चार-पाच दिवस ओळखीचे असतील. आणि फळ्यावर ३८ मिलिमीटर लिहिलेलं असताना वाहन म्हैस आहे म्हणून तिफन जुंपायला निघालेल्या बापाला ती म्हणू शकेल, बाबा, अजून थांबा.

माझ्या त्या विद्यार्थ्याकडे मी नंतर गेलो होतो. मयतीला सहा महिने झाले होते. घरात कुणी गेलं नव्हतं, तो म्हणाला शांतीनं वाचलो. मी वाद घातला नाही. गावात त्या सहा महिन्यांत किती मयती झाल्या ते त्याच्यासोबत मोजलं. सात. त्यातल्या किती घरांनी शांती केली होती? एकानंही नाही, कारण त्या पंचकात नव्हत्याच. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, मंग माहे पैसे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१ मेला ग्रामसभा आहे. फळ्याचा ठराव मी मांडणार आहे, आणि अनुमोदन तो देणार आहे.